पडद्यावर हरवलेला ‘नका’

पुणे-नाशिक रस्त्यावरून चाकणच्या औद्योगिक वसाहतीकडे वळले की मालमोटारींच्या रांगा आणि त्यांचे वजन करणारे भुईकाटे दिसू लागतात. गाडी काट्यावर चढते, केबिनमधला कारकून संगणकावर गाडीचा क्रमांक टाकतो, वजनाचा आकडा स्थिर झाला की नोंद होते आणि पावती छापून बाहेर येते. अशाच एका केबिनमध्ये आम्ही एकदा बसलो होतो. संगणकावरची आज्ञावली मराठीत होती, याचे आम्हाला कौतुक वाटले. कामावर नवा मुलगा होता. एक ट्रक काट्यावर आला, आकडा अजून हलत होता, तेवढ्यात पडद्याच्या तळाच्या अरुंद पट्टीत अक्षरे उमटली: ‘गाडी पुढे घेऊ…’. मुलाने खिडकीतून हात केला, ‘घ्या पुढे!’ गाडी गेली, नोंद अपुरी राहिली, आणि मागच्या चार गाड्यांना मागे सरकवून तो ट्रक पुन्हा काट्यावर आणावा लागला.

पूर्ण संदेश होता: ‘गाडी पुढे घेऊ नका’. पट्टीत जागा नव्हती म्हणून शेवटचा शब्द कापला गेला आणि त्याच्या जागी तीन टिंबे आली. आज्ञावली बनवणाऱ्या तरुणाला आम्ही नंतर हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, ‘भाषांतर बरोबर आहे, फक्त पट्टीत बसत नाही.’

हे ‘बसत नाही’ नेमके काय असते? पडद्यावरच्या वस्तूंनी किती जागा घ्यायची हे कोण ठरवते, कोणत्या गणिताने ठरवते, आणि जागा कमी पडली तर कुणी माघार घ्यायची? प्रश्न संगणकाचा वाटतो, पण त्यातले गणित दहावीच्या मुलाला समजेल इतके सोपे आहे आणि त्यातली चूक भाषेच्या शिक्षकाला चटकन दिसेल अशी आहे. म्हणून शिक्षकांसमोर तो मांडण्याचे आम्ही ठरवले.

ठोकून बसवलेल्या चौकटी

संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या खिडकीत मजकुराच्या पट्ट्या, माहिती भरायच्या चौकटी आणि बटणे असतात. त्यांची मांडणी करण्याची सर्वांत सरळ रीत म्हणजे प्रत्येक वस्तूला चार आकडे देणे: डाव्या कडेपासूनचे अंतर, वरच्या कडेपासूनचे अंतर, रुंदी आणि उंची. १९९१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिज्युअल बेसिक’ने ही रीत फार सोपी केली. माउसने बटण उचलायचे, कोऱ्या फॉर्मवर ठेवायचे, कडा ओढून हवा तो आकार द्यायचा. चार आकडे संगणक आपोआप लिहून घेतो. हे आकडे ‘ट्विप’ नावाच्या एककात असत आणि एका इंचात १४४० ट्विप असत. मोजमाप इतके बारीक, पण मोजले जात होते ते चौकटीचे माप. चौकटीत मावणाऱ्या शब्दांचे माप त्या चार आकड्यांत कुठेच नव्हते.

या रीतीची टीका करताना तिचा गुणही मान्य केला पाहिजे. पिंपरी-चिंचवड परिसरात एक-दोन माणसे मिळून एखाद्या कारखान्यासाठी हजेरीची, मालाच्या आवक-जावकीची किंवा वजनकाट्याची आज्ञावली लिहून देतात. गिऱ्हाइकाला ती लगेच हवी असते. माउसने वस्तू ओढून ठेवल्या की काही तासांत पडदा उभा राहतो आणि गिऱ्हाइकाला दाखवता येतो. अशा माणसाला समीकरणे लिहायला सांगणे हा त्याला अत्याचार वाटेल.

अडचण पुढे येते. खिडकी मोठी केली तर वस्तू कोपऱ्यात गोळा होऊन राहतात, लहान केली तर उजवीकडच्या वस्तू दिसेनाशा होतात. कुणी डोळ्यांना त्रास होतो म्हणून अक्षरांचा आकार वाढवला की शब्द चौकटीबाहेर जातात. आणि भाषा बदलली की सगळाच हिशेब बदलतो. ‘सेव्ह’ या बटणावर ‘जतन करा’ लिहायचे झाले तर जास्त जागा लागते. उलट ‘प्रिंट’च्या जागी ‘छापा’ आरामात बसते. मराठी शब्द नेहमी लांबच असतात असे मुळीच नाही. पण ते वेगळ्या लांबीचे असतात, आणि ठोकून बसवलेल्या चौकटीला ‘वेगळे’ चालत नाही.

अटी मांडून पाहू

दुसरी रीत अशी: वस्तूंची मापे सांगायचीच नाहीत, त्यांच्यातील संबंध सांगायचे. ‘बटण चौकटीच्या उजवीकडे, मध्ये दहा बिंदू जागा सोडून’. ‘नावाची पट्टी तिच्यातील मजकुराहून अरुंद नसावी’. या वाक्यांना आपण ‘अटी’ म्हणू. मापे शोधण्याचे काम संगणकाचे.

एक उदाहरण घेऊ. खिडकीत एकाच ओळीत तीन वस्तू आहेत: ‘चालकाचे नाव’ ही पट्टी, नाव भरायची चौकट, आणि ‘जतन करा’ हे बटण. त्यांच्या रुंदी अनुक्रमे अ, ब आणि क मानू. दोन्ही कडांना दहा-दहा बिंदू आणि वस्तूंमध्ये दहा-दहा बिंदू मोकळे सोडायचे, म्हणजे एकूण ४० बिंदू मोकळे. खिडकीची रुंदी ४०० बिंदू असेल तर पहिली अट मिळते:

अ + ब + क + ४० = ४००

आता मजकुराच्या अटी. समजा, इंग्रजी मजकुरासाठी पट्टीला ९० आणि बटणाला ६० बिंदू लागतात, आणि नाव लिहिता यावे म्हणून चौकट किमान १२० बिंदूंची हवी. म्हणजे

अ ≥ ९०, ब ≥ १२०, क ≥ ६०

शिक्षकांच्या लगेच लक्षात येईल की चले तीन आणि समीकरण एकच आहे, तेव्हा उत्तरे अगणित आहेत. अ = ९०, ब = २१०, क = ६० हे एक उत्तर. अ = १५०, ब = १२०, क = ९० हे दुसरे. त्यांतले एक निवडण्यासाठी आणखी एक इच्छा सांगावी लागते: ‘उरलेली सगळी जागा चौकटीला द्या’. ती सांगितली की पहिले उत्तर निश्चित होते.

आता मजकूर मराठीत करू. समजा, पट्टीला १५० आणि बटणाला ११० बिंदू लागतात. अटी होतात

अ ≥ १५०, ब ≥ १२०, क ≥ ११०

किमान मापांची बेरीज करून पाहा: १५० + १२० + ११० + ४० = ४२०. खिडकी मात्र ४०० बिंदूंची. आधी अगणित उत्तरे होती, आता एकही उत्तर उरले नाही. वीस बिंदू कमी पडले.

‘पट्टीत बसत नाही’ या तक्रारीचा गणिती अर्थ हा आहे. अटींचा संच परस्परविरोधी झाला आहे. अशा वेळी चार वाटा असतात. खिडकी किमान ४२० बिंदूंची करायची; किंवा पट्टीतला मजकूर दोन ओळींत लिहायचा; किंवा नावाची चौकट १२० ऐवजी १०० बिंदूंवर आणायची; किंवा मजकूर कापायचा. गणित या चारही वाटा दाखवते, पण कोणती धरायची हे सांगत नाही. तो निर्णय माणसाने आधी करून ठेवायचा असतो.

अटींची उतरंड

हा निर्णय संगणकाला कळवण्याची पद्धत शोधायला बराच काळ लागला. १९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हान सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली बनवली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढायच्या आणि ‘या दोन रेषा समांतर’, ‘या सारख्या लांबीच्या’ अशा अटी सांगायच्या. आकृती आपोआप तशी होई. १९७९ मध्ये अ‍ॅलन बॉर्निंग यांनी ‘थिंगलॅब’मध्ये हीच कल्पना पुढे नेली. अटी सांगून चित्र काढण्याची कल्पना म्हणजे आजच्या घरोघरच्या संगणकापेक्षा जुनी आहे.

रेषीय अटींच्या चौकटीत सर्वांत चांगले उत्तर शोधण्याचे गणितही तयार होते. अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली त्यासाठी ‘सिम्प्लेक्स’ पद्धत दिली. सर्व अटी पाळणाऱ्या बिंदूंचा मिळून एक बहुमुखी ठोकळा होतो. सिम्प्लेक्स पद्धत त्याच्या एका कोपऱ्यावरून कडेकडेने शेजारच्या अधिक चांगल्या कोपऱ्याकडे जाते आणि सर्वांत चांगल्या कोपऱ्यावर थांबते. १९८४ साली बेल प्रयोगशाळेत काम करणारे, आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी नरेंद्र करमरकर यांनी ठोकळ्याच्या आतून वाट काढणारी वेगळी पद्धत मांडली. अतिशय मोठ्या प्रश्नांसाठी ती फार महत्त्वाची ठरली. पडद्याच्या मांडणीत मात्र जुनी सिम्प्लेक्सच सोयीची पडते, आणि त्याचे कारण शिकण्यासारखे आहे. खिडकीची कड आपण माउसने ओढतो तेव्हा रुंदी ४०० वरून ४०१, मग ४०२ होते. प्रत्येक वेळी नवा प्रश्न आधीच्या प्रश्नासारखाच असतो. सिम्प्लेक्सला जुन्या कोपऱ्यावरून दोन पावले टाकून नवे उत्तर गाठता येते. आतून वाट काढणाऱ्या पद्धतीला जुन्या उत्तराचा असा सहज फायदा घेता येत नाही.

हाच फायदा घेऊन बॉर्निंग, किम मॅरियट, पीटर स्टकी आणि यी शाओ यांनी १९९७ साली मांडणीसाठी एक पद्धत प्रसिद्ध केली. पुढे २००१ मध्ये ग्रेग बॅड्रोस, बॉर्निंग आणि स्टकी यांच्या लेखात ती सविस्तर आली. तिचे नाव ‘कॅसोवरी’. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीत आढळणाऱ्या, न उडणाऱ्या मोठ्या पक्ष्याचे हे नाव. तिचे वैशिष्ट्य असे की तिच्यात अटींची उतरंड असते. काही अटी सक्तीच्या, त्या मोडता येत नाहीत. बाकीच्या इच्छेच्या, आणि त्यांतही प्रबळ, मध्यम, दुर्बल असे दर्जे. सक्तीच्या अटी पाळून झाल्यावर वरच्या दर्जाच्या इच्छा जास्तीत जास्त पुऱ्या करायच्या आणि मग खालच्यांकडे वळायचे.

आपल्या उदाहरणात ‘मजकूर पूर्ण दिसावा’ ही अट सक्तीची केली आणि ‘चौकट १२० बिंदूंची असावी’ ही इच्छा म्हणून ठेवली, तर उत्तर लगेच मिळते: अ = १५०, ब = १००, क = ११०. बेरीज अधिक ४० बरोबर ४००. चौकट वीस बिंदूंनी आखूड झाली, पण एकही अक्षर कापले गेले नाही.

अ‍ॅपल कंपनीने २०११ साली मॅक संगणकांच्या ‘लायन’ या प्रणालीत ‘ऑटो लेआउट’ नावाने ही पद्धत घेतली. लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या जीटीके या साधनसंचाच्या २०२० मधील चौथ्या आवृत्तीतही ती आहे. अटींची अशी उतरंड नसली तरी मजकुराप्रमाणे वस्तूंना जागा देण्याची सोय इतरत्र त्याआधीपासून होती: जावा भाषेच्या १९९६ मधील पहिल्या आवृत्तीत मांडणी व्यवस्थापक होते, आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये २००५ पासून आपोआप रुंदी बदलणारे तक्ते मिळू लागले. तेव्हा साधन नव्हते असे आता कुणाला म्हणता येणार नाही.

साधन चांगले, पण ठेवणारा कोण?

मग प्रश्न सुटला का? आमच्या मते नाही. इथे कॅसोवरीच्या वारसांवर आमचा पहिला आक्षेप आहे. ऑटो लेआउटमध्ये प्रत्येक अटीला १ ते १००० असा क्रमांक देतात आणि १००० म्हणजे सक्ती. मजकुराची पट्टी आपल्या मजकुरापेक्षा अरुंद न होण्यासाठी जो विरोध करते, त्याला आपोआप मिळणारा क्रमांक ७५० आहे. म्हणजे कुणी सवयीने ‘पट्टी ९० बिंदूंची’ अशी सक्तीची अट लिहिली की मजकूर हरतो. संगणक कुरकुर करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने अटी परस्परविरोधी नाहीतच: एक सक्ती होती, एक इच्छा होती, सक्ती पाळली गेली. इंग्रजीत काम करणाऱ्याला हे कळतही नाही. त्याचा मजकूर ९० बिंदूंत बसलेला असतो.

दोन सक्तीच्या अटी एकमेकींशी भांडल्या तर ऑटो लेआउट त्यांतली एक मोडते आणि तशी नोंद आज्ञावली लिहिणाऱ्याच्या नोंदपटात करते. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला ती नोंद दिसत नाही. त्याला दिसतो फक्त परिणाम. भुईकाट्यावरच्या मुलाला जर कळले असते की इथे काहीतरी कापले गेले आहे आणि ते महत्त्वाचे आहे, तर त्याने हात केला नसता.

दुसरा आक्षेप गणिताच्या मर्यादेवर आहे. रेषीय अटी ‘बेरीज इतकी’, ‘याहून कमी नाही’ असे सांगू शकतात. पण मजकूर ओळींत मोडतो तेव्हा रुंदी आणि उंची यांचा संबंध सरळ रेषेचा राहत नाही. आपली पट्टी १५० बिंदू किंवा अधिक रुंद असेल तर एक ओळ पुरते. थोडी अरुंद केली की एकदम दोन ओळी लागतात, फार अरुंद केली तर तीन. आलेख काढला तर जिन्याच्या पायऱ्या दिसतात. अशी पायरी रेषीय अटींत मांडता येत नाही. म्हणून व्यवहारात बहुधा आधी रुंदी ठरवतात आणि मग त्या रुंदीला किती उंची लागते ते मोजतात. ही तडजोड चालते, पण त्यासाठी उंची मोकळी सोडलेली असावी लागते. तळाची पट्टी ‘एकाच ओळीची’ असे ठरवून टाकले की दुसऱ्या ओळीची वाट बंद होते आणि कात्री चालवणे एवढेच उरते.

तीन टिंबांचा अन्याय

आता कात्रीकडे वळू, कारण आमचा मुख्य आक्षेप तिच्यावर आहे. मजकूर बसला नाही तर त्याची सुरुवात ठेवायची, शेवट कापायचा आणि तीन टिंबे द्यायची, ही रीत अनेक साधनसंचांत तयार मिळते. ती तटस्थ वाटते. ती तटस्थ नाही.

इंग्रजी आज्ञेत नकार पहिल्या दोन शब्दांत येतो: ‘डू नॉट मूव्ह’. शेवट कापला तरी ‘नॉट’ शाबूत राहतो. फार तर काय हलवायचे नाही ते कळणार नाही. मराठी वाक्याची रचना उलट आहे. कर्ता, कर्म आधी येतात, क्रियापद शेवटी येते आणि नकार क्रियापदाच्याही मागे: ‘उघडू नका’, ‘लावू नये’, ‘झाले नाही’. म्हणजे मराठी वाक्याचा निकाल शेवटच्या शब्दात लागतो, आणि कात्री नेमकी तिथेच चालते.

काही वाक्ये शेवटचा शब्द झाकून वाचा. ‘यंत्र चालू असताना झाकण उघडू नये’. ‘तेलाचा दाब सुरक्षित नाही’. ‘विद्यार्थ्यांचे गुण जतन झाले नाहीत’. शेवटच्या वाक्यातून ‘नाहीत’ गेले की उरते ‘विद्यार्थ्यांचे गुण जतन झाले…’. गुण भरून थकलेला शिक्षक तेवढे वाचून निश्चिंत मनाने संगणक बंद करेल. अर्थ अपुरा राहिला असता तर माणूस थांबला असता, विचारपूस केली असती. इथे अर्थ अपुरा राहत नाही, उलटा होतो, आणि उलटा अर्थ पूर्ण वाटतो.

हा दोष केवळ मराठीचा नाही. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या इतर भाषांतही शेवट कापणे असेच महागात पडू शकते. चाकणच्या कारखान्यांत मराठीबरोबर हिंदी बोलणारे कामगार मोठ्या संख्येने आहेत. हिंदी नकार क्रियापदाच्या आधी येतो, ‘मत खोलिए’, पण तोही वाक्याच्या शेवटाजवळच.

पूर्वी कारखान्यातल्या सूचना पत्र्याच्या फलकावर रंगवलेल्या असत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घालून दिले होते की कायद्याने लावायच्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. फलक रंगवणारा पेंटर जागा कमी पडली तर अक्षरे लहान करी किंवा दुसरी ओळ घेई. ‘नका’ पुसून तीन टिंबे देण्याचे त्याच्या मनातही आले नसते, कारण तो वाक्य वाचत होता. पडद्यावरची कात्री वाक्य वाचत नाही, ती बिंदू मोजते.

अक्षर म्हणजे किती?

कात्री कधी कधी बिंदूही मोजत नाही, नुसती वर्णचिन्हे मोजते: ‘पहिली वीस घ्या, बाकी सोडा’. देवनागरीत ही मोजणीच फसवी आहे. युनिकोड या सांकेतिक पद्धतीत ‘स्त्री’ हा शब्द सहा चिन्हांचा आहे: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. वाचणाऱ्याला ते एकच अक्षर आहे. ‘विद्यार्थी’त दहा चिन्हे आहेत आणि अक्षरे तीन: वि, द्या, र्थी. सातव्या चिन्हानंतर कापले तर ‘विद्यार’ उरते. रफार गेला आणि त्याच्या जागी पूर्ण र आला. इंग्रजीत चिन्ह आणि अक्षर बहुधा एकच असते, म्हणून ही चूक तिथे दिसत नाही.

उंचीचेही तसेच. रोमन अक्षरांसाठी ठरवलेल्या पट्टीत देवनागरी बसवली तर कधी शिरोरेषेवरची मात्रा कापली जाते, कधी खालचा उकार. ‘तेल’चे ‘तल’ होते, ‘कंप’चा ‘कप’ होतो, ‘गुण’चा ‘गण’ होतो. यंत्राच्या पडद्यावर ‘कंप वाढला’ ही धोक्याची सूचना असते. ‘कप वाढला’ वाचून माणूस हसेल आणि पुढे जाईल. पट्टीची उंची आकड्याने न ठरवता ‘या मजकुराला लागेल तितकी’ अशी अट घातली तर हा दोष उरत नाही.

आमचा निष्कर्ष

अटी सांगून मांडणी करण्याची पद्धत ठोकून बसवलेल्या चौकटींपेक्षा निश्चितच चांगली आहे. तिचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण तिने प्रश्न सोडवला असे म्हणणे घाईचे होईल. तिने प्रश्न उघड केला. आधी जागेचा निर्णय माउस ओढणाऱ्याच्या हातात नकळत होत होता. आता तो अटींच्या क्रमांकांत लिहिलेला असतो आणि आपण तो वाचून ‘असे का?’ विचारू शकतो. विचारले पाहिजे. धोक्याच्या सूचनेत मजकूर पूर्ण दिसणे सक्तीचे हवे. खिडकीचा तोल, बटणांची सारखी रुंदी, रेखीवपणा या इच्छा आहेत, त्यांनी माघार घ्यावी. कापणे अगदीच अटळ असेल तर मराठीत मधला भाग गाळावा आणि क्रियापद व नकार शिल्लक ठेवावा. आणि पडदा ‘पूर्ण झाला’ असे म्हणण्याआधी तो मराठी मजकूर भरून, मोठी अक्षरे लावून, खिडकी लहान करून पाहावा. भुईकाट्यावरच्या आज्ञावलीत भाषांतर सगळ्यांत शेवटी आले होते. ते पहिल्या दिवशी आले असते तर पट्टी दोन ओळींची झाली असती.

हे काम फक्त संगणकवाल्यांचे नाही. वर्गात ते सहज करता येईल. चौकटीच्या कागदाची चाळीस घरांची एक पट्टी कापा. एक घर म्हणजे दहा बिंदू. वर दिलेल्या अटींप्रमाणे मुलांना तीन वस्तू आखायला सांगा, आधी पहिल्या किमान मापांनी, मग दुसऱ्या. दुसऱ्या वेळी जागा कमी पडेल. मग विचारा: कुणाला आखूड करायचे, आणि का? मुले भांडतील, ते भांडण म्हणजेच अटींची उतरंड. मराठीच्या तासाला शाळेतल्या, बसस्थानकावरच्या, दवाखान्यातल्या दहा सूचना मुलांना उतरवून आणायला सांगा आणि प्रत्येकीचा शेवटचा शब्द हाताने झाकून मोठ्याने वाचायला लावा. किती सूचनांचा अर्थ उलटा झाला ते फळ्यावर मोजा.

त्या मुलांपैकी काही जण उद्या भोसरीत, चिंचवडला किंवा चाकणला याच प्रकारचे पडदे तयार करतील. तेव्हा एखादी पट्टी आखताना त्यांना झाकलेला शेवटचा शब्द आठवला, तर भुईकाट्यावरच्या मुलाला उगाच हात करावा लागणार नाही.